कलावंताची उपजीविका आणि फलाचा अधिकार

बंगळूर शहराच्या पूर्वेस कृष्णराजपुरम, म्हणजे आजच्या बोलण्यातील के. आर. पुरम, हा भाग आहे. त्यास लागूनच दूरवाणीनगर आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या सरकारी टेलिफोन कारखान्यामुळे ही वसाहत वाढली आणि निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे मासिक वेतनाच्या भरवशावर येथे स्थिरावली. पुढे व्हाइटफील्डच्या बाजूस संगणकाचे व्यवसाय आले. २०२३ साली त्या मार्गावर मेट्रोही धावू लागली. उद्योग बदलले, वाहने बदलली. परंतु बहुसंख्य गृहस्थांच्या मनाचा आधार एकच राहिला, आणि तो म्हणजे महिनाअखेरीस हाती पडणारे ठरीव वेतन.

अशा वस्तीतील एखाद्या गृहस्थाच्या मनात विचार येतो की, ही चाकरी सोडावी आणि ज्या कलेसाठी आपला पिंड घडला आहे तिच्यावरच उदरनिर्वाह करावा. चित्रे काढावीत, ग्रंथ लिहावेत, संगीत रचावे व ते कोणाही मालकाच्या मध्यस्थीवाचून लोकांपुढे ठेवावे. आजच्या यंत्रयुगाने ही वाट वरवर सोपी केली आहे. घरात बसून निर्माण केलेली कृती क्षणार्धात देशोदेशी पोहोचते. परंतु पाहणारे पुष्कळ आणि मोल देणारे थोडे, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. एका महिन्यात मिळकतीस भरती, तर दुसऱ्या महिन्यात ओहोटी. जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा कोणास किती द्यावयाचा, हे दूरची कंपनी ठरविते. तिने नियम बदलले की कालची कमाई आज आटते. घरभाडे व मुलांच्या शाळेची फी मात्र ठरल्या तारखेसच द्यावी लागते.

येथे एक चमत्कारिक प्रसंग उद्भवतो. तो कलावंत म्हणतो, “फळाकडे न पाहता कर्म करावे, असे भगवंतांनीच सांगितले आहे, मग मिळकतीची चिंता कशास?” घरातील वडील मंडळी म्हणतात, “वाट्यास आलेले कर्म टाकू नये, असेही भगवंतांनीच सांगितले आहे. मग चालती नोकरी का सोडतोस?” दोन्ही पक्ष गीतेचाच आधार घेतात. तेव्हा गीतेचा आशय नेमका काय, हे पाहणे अवश्य आहे.

दुसऱ्या अध्यायाच्या ४७व्या श्लोकात फलावरील अधिकार नाकारला आहे, हे खरे. परंतु फल आणि श्रमाचे मोल या दोन गोष्टी एक नव्हेत. शेतकऱ्याने पेरणी केली असता पाऊस पडणे त्याच्या हाती नाही. पण पिकलेले धान्य बाजारात नेऊन त्याचा रास्त भाव मागणे ही काही फलासक्ती नव्हे. त्याचप्रमाणे कृती लोकांस रुचेल की नाही, कीर्ती होईल की नाही, हे कलावंताच्या हाती नाही. तेथे त्याने आसक्ती सोडावी. जो त्याची कृती घेतो, त्याच्याकडून तिचे उचित मोल घेण्यात मात्र दोष नाही. तिसऱ्या अध्यायातील यज्ञविचार हेच शिकवितो. सृष्टीचा व्यवहार परस्परांच्या देण्यावर चालतो, आणि काही न देता भोगणाऱ्यास भगवंत चोर म्हणतात. हा ठपका जसा आळशी माणसास लागतो, तसाच कलावंताचे श्रम फुकट भोगणाऱ्या रसिकासही लागतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युद्ध टाळण्यासाठी अर्जुन भिक्षा मागून जगण्यास सिद्ध झाला होता. भगवंतांनी ती वाट मान्य केली नाही. उलट, कर्मावाचून शरीरयात्राही चालणार नाही, असे त्यांनी बजावले. तेव्हा उपासमार हे कलेच्या शुद्धतेचे लक्षण आहे, ही समजूत गीतेच्या आधारे टिकत नाही.

महाराष्ट्रातील एक सुप्रसिद्ध चरित्र या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. पुराणवस्तू खात्यातील सरकारी नोकरी त्यांनी सोडली, छापखान्याचा धंदा उभारला, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे तोही सोडला. पुढे चित्रपटाच्या ध्यासाने विम्याची पत्रे गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेस गेले व यंत्रसामग्री घेऊन आले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. एवढेच नव्हे, तर त्यांनी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, चित्रफितीस छिद्रे पाडण्याचे काम शिकून घेतले व फीत धुण्याच्या कामासही हात लावला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि त्यास मोठे यश लाभले.

परंतु कथा येथे संपत नाही. १९१८ साली भांडवलदारांच्या साह्याने कंपनी निघाली. लवकरच मतभेद झाले व फाळके काशीस निघून गेले. काही वर्षांनी ते परतले, पण पूर्वीचे स्वातंत्र्य व वैभव परतले नाही. पुढे बोलपटांचे युग आले. १९३७ साली ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट झाला आणि १९४४ साली नाशिक येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय सन्मान १९६९ पासून दिला जाऊ लागला, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पंचवीस वर्षांनी. त्याच्या पहिल्या मानकरी देविकाराणी यांनी उत्तरायुष्य बंगळुरातच घालविले. कर्माचे फल कोणास, केव्हा व कोणत्या रूपाने मिळेल, याचा हिशेब कर्त्याच्या हाती नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

या चरित्रावरून पुष्कळ जण एवढाच बोध घेतात की, सर्वस्व पणास लावावे. तो बोध अपुरा आहे. सरस्वतीबाई कामात नखशिखांत सहभागी होत्या. जेथे पत्नी अशी सहधर्मिणी होते, तेथे दागिन्यांचा त्याग हा यज्ञ ठरतो. जेथे तिला न विचारता, किंवा तिच्या मौनास संमती समजून, घरची पुंजी उधळली जाते, तेथे ती दुसऱ्याच्या ताटातील घासाची आहुती होय. फलाशा सोडण्याचा अधिकार प्रत्येकास आपल्यापुरता आहे. मुलांच्या अन्नाचा त्याग करण्याचा अधिकार कोणासही नाही.

येथे वडील मंडळींचाही विचार तपासला पाहिजे. अठराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की, सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये. कारण धुराने अग्नी वेढावा तसे सर्वच आरंभ दोषांनी वेढलेले असतात. हे वचन नोकरीस लागू पडते, तसे कलेसही पडते. ज्याचा स्वभाव निर्मितीचा आहे, त्यास केवळ भयाने आयुष्यभर दाबून ठेवणे हीही एक हिंसाच आहे. म्हणून वडिलांनी नुसती मनाई करू नये. घरास किती महिन्यांची बेगमी आहे, ऋण कितपत झेपेल, अपयश आल्यास परतीची वाट कोणती, हे मुलाबरोबर बसून मोजावे.

तात्पर्य असे की, नोकरी सांभाळून उरल्या वेळात कलेची उपासना करणारा भ्याड नव्हे, आणि विचारपूर्वक नोकरी सोडणारा उन्मत्तही नव्हे. दोघांनाही कसोटी एकच आहे. काम उत्तम व्हावे यासाठी तो झटतो काय? रास्त मोल मागताना लाजत नाही आणि ते न मिळाल्यास कडवट होत नाही ना? आपल्या धाडसाचा भार तो कोणाच्या संमतीवाचून कोणावर टाकीत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे ज्यास प्रामाणिकपणे देता येतील, त्याने आपले कर्म भगवंतास अर्पण करून निश्चिंतपणे चालावे. आणि जे गृहस्थ स्वतः कलावंत नाहीत, त्यांनी ज्याच्या कृतीने मनास आनंद झाला, त्याचे मोल हिशेब लांबणीवर न टाकता चुकते करावे. तोही यज्ञाचाच भाग आहे.