रक्ताची पत्रिका

आपल्या आयुष्याची मर्यादा आगाऊ कळावी, ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. आमच्या खानदेशांत मूल जन्मतांच पत्रिका मांडविणारीं घरें अद्यापि पुष्कळ आहेत. त्यांतील शिकलेलीं माणसें ती गोष्ट थोडी लाजून सांगतात इतकेंच. परंतु तींच माणसें रक्ततपासणीचा कागद ज्या भयभीत श्रद्धेनें उघडतात ती पाहिली म्हणजे पत्रिका गेली नाहीं, तिचा कागद तेवढा बदलला, असें आम्हांस वाटूं लागतें.

कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला रोगी पुढें किती जगेल, याचा अंदाज रक्तावरून बांधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. १९६५ सालीं माँट्रियल येथील गोल्ड व फ्रीडमन या संशोधकांनीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत सांपडणारें 'सीईए' नांवाचें द्रव्य उजेडांत आणलें. शस्त्रक्रियेनंतर उतरलेलें हें द्रव्य पुन्हां चढूं लागलें, तर रोग परतल्याचा संशय धरावा लागतो. मात्र तें नुसत्या धूम्रपानानेंहि वाढतें. याहून साधी खूण नेहमींच्याच रक्तगणनेंत असते. न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती. पहिली संख्या दुसरीनें भागून येणारें गुणोत्तर शस्त्रक्रियेपूर्वी मोठें असलेले रोगी सरासरीनें कमी जगतात, असें अनेक कर्करोगांत, मुखाच्या कर्करोगांतहि, आढळलें आहे. मोठें म्हणजे किती, याविषयीं मात्र एकमत नाहीं. कोणी अडीच धरतो, कोणी तीन, कोणी पांच. रक्तांतील आल्ब्युमिन घटणें हेंहि असेंच एक अशुभ चिन्ह. पण तें केवळ अन्नाच्या उणिवेनें घटत नाहीं, शरीरांतील दाहानेंहि घटतें. हे आंकडे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला खाऊं-पिऊं घालून खटल्याचा निकाल फिरत नाहीं.

सारा घोंटाळा 'सरासरीनें' या एका शब्दांत आहे. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ सालीं पोटांतील एक दुर्मिळ कर्करोग झाला. त्या रोगाचे निम्मे रोगी आठ महिन्यांत दगावतात, असें त्यांनीं ग्रंथालयांत वाचलें. ते गणिताचे जाणते असल्यामुळें उरलेल्या निम्म्यांचें काय, हा प्रश्न त्यांना लगेच सुचला. ते पुढें वीस वर्षे जगले, आणि २००२ सालीं वारले ते निराळ्याच कर्करोगानें. शंभर माणसांविषयींचें खरें विधान एका माणसाच्या कपाळीं लिहिलें कीं तें भविष्य होतें; आणि तेथेंच त्याचा खरेपणा संपतो.

असें असूनहि प्रसंग आला तेव्हां आम्हीच चुकलों. धुळ्याचे आमचे एक स्नेही, शाळेंत गणित शिकवून निवृत्त झालेले, तंबाखू-चुना मळण्याची संवय जन्मभर बाळगून होते. आमच्या प्रांतीं ती संवय बैठकीचा शिष्टाचारच समजली जाते. जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईस झाली. त्याआधींच्या रक्ताच्या कागदावरून मुलानें तें गुणोत्तर काढलें, कोठेंसे निबंध वाचले, आणि कागद कपाटांत कुलपाआड ठेवला. "काका, बाबांना कळतां कामा नये," असें त्यानें आम्हांस दूरध्वनीवर विनविलें, आणि आम्ही होकार दिला. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं व सानेगुरुजींनीं तीं टिपून घेतलीं, ही आठवण देऊन त्यास फलाशा सोडण्याविषयीं दोन शब्दहि ऐकविले. दुसऱ्याच्या दुखण्यांत गीता फार लवकर आठवते!

जळगांवाहून एरंडोल-पारोळ्याच्या वाटेनें एस्टींत बसून जातांना मात्र मन खाऊं लागलें. मुलाचें प्रेम खरें होतें. पण त्या प्रेमानें बापाच्या उरलेल्या दिवसांची व्यवस्था बापाच्या हातून काढून घेतली होती. ज्याचें रक्त, त्याचाच आंकडा. मग तो किती का अपुरा असेना. आणि अपुरा आहे हें तरी त्यास दुसरें कोण सांगणार? घरीं पोंचल्यावर आम्ही मुलाची समजूत घातली, तेव्हां त्यानें कागद काढून बापापुढें ठेवला.

बोलणें कष्टाचें झाल्यामुळें आमचे स्नेही पाटीवर लिहीत. न्यूट्रोफिल ८०, लिम्फोसाइट १६. त्यांनीं भागाकार मांडला, पांच आले. आम्ही कळत होता तेवढा अर्थ सांगितला. सरासरी म्हणजे काय, हें त्यांना सांगावें लागलें नाहीं. थोडा वेळ ते कागदावरील तारीख पाहात राहिले. मग पाटी पुसून लिहिलें, "त्या आठवड्यांत माझी दाढ सुजली होती. ती वजा केली का?"

दाढेच्या पुवानेंहि न्यूट्रोफिल वाढतात हें आम्हांस ठाऊक होतें. किती वजा करावयाचें, हें कोणास सांगतां येणार? मुलगा आमच्याकडे पाहूं लागला. स्नेह्यांनीं त्याच्या हातीं पाटी दिली. तिजवर आतां लिहिलें होतें कीं घराच्या उताऱ्यावर आईचें नांव लागलेलें नाहीं, सोमवारीं कचेरी उघडते, दहा वाजतां निघावयाचें.