नित्याचे माप



आयदक्की मारय्यांची कथा आपण जाणताच. कल्याणात सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक आणि त्यातून जंगम-दासोह हा नित्यनेम. एके दिवशी त्यांनी नेहमीहून अधिक तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते घरात घेतले नाहीत. परत टाकून या, असे पतीस सांगितले. ही कथा आपण निर्लोभतेची म्हणून सांगतो. परंतु तिच्यात दासोहाचेही मर्म आहे. दासोहास एका दिवसाच्या ढिगापेक्षा नित्याचे माप मोलाचे.

हे मर्म मला एका वृद्ध मातेने शिकविले. बसवजयंतीच्या दुसऱ्या दिवशी बेळगावातील एका गल्लीत पादपूजेस गेलो होतो. शेजारी ही माता एकटीच राहते. मुले पुण्यास व बेंगळुरास नोकरीला. तिच्या घरी फळांच्या पिशव्या रांगेने मांडलेल्या होत्या. मी म्हणालो, "आई, भक्तांनी आठवण ठेवली." ती म्हणाली, "ठेवली की, स्वामीजी. पण न्हाणीतला दिवा जाऊन महिना झाला. तेवढा लावायला कुणी मिळालं तर बरं. पडायची भीती वाटते, म्हणून उन्हं आल्याशिवाय मी न्हाणीत जात नाही."

त्या पिशव्यांत एक आमच्या मठाचीही होती. मी मान खाली घातली.

म्हातारपणी एकदा पडून मांडीचे हाड मोडले, की पुष्कळांचे राहते घर सुटते. ज्या घरात इष्टलिंगपूजेत आयुष्य गेले, तेथेच शेवटपर्यंत राहावे, एवढीच त्यांची इच्छा असते. ती पुरी व्हावी म्हणून काही ठिकाणी शेजारी मिळून छोटी सेवा-मंडळे चालवितात. अशा मंडळास साहाय्य कसे करावे?

आपल्या कायकाने करावे. नुलिय चंदय्यांनी दोर वळूनच दासोह केला. वायरमनने महिन्यातून एक सकाळ द्यावी. गवंड्याने न्हाणीत धरावयास दांडी बसवावी. रिक्षावाल्याने दवाखान्याची एक फेरी द्यावी. बँकेत काम करणाऱ्याने नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यास मदत करावी. 2020 पासून पोस्टमन घरी येऊनही हा दाखला करून देतो, हे अनेक वृद्धांस ठाऊक नसते. विद्यार्थ्याने ठरल्या वारी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवावे. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची निःशुल्क हेल्पलाइन 14567 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीस लावावा.

ज्यास वेळ नाही त्याने द्रव्य द्यावे. मात्र थोडे व दरमहा. पावती घ्यावी, वर्षाचा हिशेबही विचारावा. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. दासोहाचे द्रव्य स्वच्छ राहावे यासाठीच तो आहे.

आणखी एक. वृद्धांच्या घरी विचारूनच पाऊल ठेवावे. ते दयेचे पात्र नव्हेत. त्यांनाही कायक द्यावे. जी माता उठू शकत नाही, ती रोज सकाळी फोनवरून दुसऱ्या चार वृद्धांची विचारपूस करू शकते. आणि मंडळ आहे म्हणून मुलांचे कर्तव्य संपत नाही. 2007 च्या कायद्यानेही ते त्यांच्यावर ठेवलेले आहे.

त्या मातेच्या न्हाणीत दिवा लागला. आता तेथे दर बुधवारी कोणीतरी जाते. आपल्या गल्लीत असा दिवा कोठे गेला आहे, हे आज पूजेनंतर आठवून पाहावे व आपला वार ठरवावा.