प्रमाण आणि प्रत्यय : मुकुंदराजांची आख्यायिका

ग्रीक भाषेत ‘पिस्तिस’ हा एकच शब्द विश्वास आणि विश्वास निर्माण करणारे प्रमाण अशा दोन्ही अर्थांनी येतो. वक्तृत्वशास्त्राचा नैतिक पेच या दुहेरी अर्थातच आहे. प्लेटोच्या ‘गॉर्गियास’ या संवादात सॉक्रेटीस ज्ञान देणारे मन वळविणे आणि ज्ञानावाचून केवळ विश्वास उपजविणे यांत भेद करतो. वक्तृत्वाच्या वाट्याला दुसरेच येते. अ‍ॅरिस्टॉटल मात्र वक्त्याचे शील, श्रोत्याची भावावस्था आणि युक्तिवाद या तिहींना प्रमाणांत स्थान देतो व श्रोत्याला निर्णेता मानतो. प्लेटोला भय आहे ते वक्त्याच्या सामर्थ्याचे. पण निर्णेताच दंडधारी असेल तर?

हा प्रश्न मराठी परंपरेत मुकुंदराजांच्या आख्यायिकेने उभा केला आहे. त्यांच्या स्थळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे त्यांची समाधी दाखविली जाते. आख्यायिका अशी : जैत्रपाळ राजाने साधूंकडे ब्रह्म प्रत्यक्ष दाखविण्याची मागणी केली आणि ज्यांना ते साधले नाही त्यांना बंदीत टाकले. मुकुंदराजांनी राजाला समाधीचा अनुभव दिला व साधू मुक्त झाले.

या कथेकडे सामान्यतः अनुभवाने शब्दावर मिळविलेला विजय म्हणून पाहिले जाते. परंतु राजाला आलेला प्रत्यय राजापुरताच आहे. बंदीतील साधूंना तो तपासता येत नाही. शिवाय राजाची मागणी जिज्ञासेची असली, तरी तिच्यामागे शिक्षेचे भय उभे आहे. अशा ठिकाणी उत्तर खरे असले, तरी त्याला संवाद म्हणता येत नाही.

मुकुंदराजांच्या नावावरील ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ मात्र वेगळी वाट धरतो. परंपरेने शके १११० (इ.स. ११८८) हा त्याचा रचनाकाल मानला जातो. त्यात गुरू निरूपण करतो, शिष्य शंका घेतो आणि शंकेमुळे निरूपण पुढे सरकते. स्वानुभवाचे महत्त्व तेथेही आहेच. पण तेथवर नेणारी युक्तिवादाची पायरी वाचकासाठी मागे उरते. ती त्याला चढून पाहता येते, नाकारताही येते.

मन वळविणे नैतिक केव्हा ठरते, याचे उत्तर म्हणूनच केवळ प्रमाणाच्या बळावर अवलंबून नाही. शंका घेणाऱ्याला शिक्षा नाही आणि उत्तर न सुचणाऱ्यालाही बंदिवास नाही, अशा जागीच विश्वास आणि प्रमाण एकाच शब्दात निर्धास्तपणे नांदू शकतात.