मनुष्य कोठला म्हणावा?

परक्या मुलखात राहणाऱ्या मनुष्यास "तुम्ही मूळचे कोठले?" असे कोणी विचारले म्हणजे तो बहुधा अशा गावाचे नाव सांगतो की जेथे आता त्याचे घर नाही, शेत नाही, आणि ज्याच्या वाटेस तो कित्येक वर्षांत गेलेला नाही. तो खोटे बोलतो काय? आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे मुंबईस, पुण्यास व साखर कारखान्यांच्या गावी पांगली आहेत. म्हणून हा प्रश्न आम्हांस नवा नाही. त्याचे एक उत्तर आमचे सुवार्तिक बंधू नेहमी देतात. ख्रिस्ती मनुष्य ह्या जगात उपरा व प्रवासी आहे, त्याचे नगर वर आहे, तेव्हा खालच्या गावाची खंत कशाला करावी? हे उत्तर पवित्र शास्त्राला धरूनच आहे. परंतु ते कोणी, कोणास व केव्हा द्यावे ह्याचा विचार झाला पाहिजे; आणि त्यासाठी आम्ही वाचकांस एका दूरच्या लोकांची हकीकत सांगतो.

ते लोक अमेरिकेचे मूळ रहिवासी, चेरोकी नावाचे. त्यांचा व आमचा एक जुना संबंध आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच बोर्डाने १८१७ साली चेरोकी मुलखात ब्रेनर्ड हे ठाणे घातले. बोर्डाचे पहिले चिटणीस सॅम्युएल वुस्टर १८२१ साली ब्रेनर्ड येथेच वारले. जॉर्जिया, टेनेसी व उत्तर कॅरोलिना ह्या प्रांतांच्या डोंगराळ भागांत हे लोक शेती करून राहत. त्यांच्यातील सिक्वोया नावाच्या एका कारागिराने, स्वतःस इंग्रजी वाचता येत नसता, १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेची अक्षरे तयार केली, आणि थोड्याच वर्षांत घरोघर लोक ती वाचू लागले. १८२८ साली न्यू इचोटा येथे त्यांचे स्वतःचे वर्तमानपत्र निघाले. त्याचा संपादक एलायस बूडिनॉट हा चेरोकी ख्रिस्ती होता, आणि छापखान्याच्या कामी त्यास साहाय्य करणारा मिशनरी म्हणजे वरील चिटणिसांचा पुतण्या, सॅम्युएल ऑस्टिन वुस्टर. जमीन सर्व लोकांच्या सामाईक मालकीची असे; पंचायतीच्या संमतीवाचून ती परक्यास विकणाऱ्यास देहान्त शासन सांगितले होते.

पुढे जॉर्जियात सोने सापडले आणि गोऱ्या लोकांची नजर त्या भूमीवर अधिकच गेली. १८३० साली मूळ रहिवाशांस मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलविण्याचा कायदा झाला. जॉर्जिया सरकारने चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्यांकडून राजनिष्ठेची शपथ मागितली. वुस्टर व त्यांचे सोबती डॉक्टर बटलर ह्यांनी ती घेतली नाही, म्हणून त्यांस चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. १८३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल चेरोकी लोकांच्या बाजूने दिला. तो कागदावरच राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द बोर्डानेही आता झगडण्यात अर्थ नाही असे ठरवून माघारीचा सल्ला दिला. ज्या बोर्डाच्या वृक्षाची एक फांदी आम्ही आहो, त्याचा हा इतिहास वाचताना आम्हांस अभिमान व खेद दोन्ही वाटतात.

आता चेरोकी लोकांतच दोन मते झाली. बूडिनॉटचे म्हणणे असे की, लोक म्हणजे माती नव्हे; येथे राहिलो तर दारू, दंगा व लूट ह्यांत आपली जात नष्ट होईल, तेव्हा भूमी सोडावी व लोक वाचवावे. मुख्य सरदार जॉन रॉस ह्याचे म्हणणे असे की, ही भूमी आमच्या हाती ठेव म्हणून आहे. जे थोड्यांचे नव्हे ते थोड्यांनी कसे विकावे? १८३५ साली बूडिनॉटच्या पक्षाच्या मूठभर लोकांनी ५० लाख डॉलर व पश्चिमेकडील जमीन घेऊन सर्व मुलूख सोडण्याच्या करारावर सही केली. रॉसने १५,००० हून अधिक नावांचा विरोध-अर्ज वॉशिंग्टनास नेला, पण सिनेटाने करार एका मताच्या आधिक्याने मंजूर केला. १८३८ साली सैन्याने लोकांस घरांतून काढून छावण्यांत कोंडले, आणि त्या हिवाळ्यात शेकडो मैलांची ती वाट सुरू झाली. सुमारे १६,००० लोक हलविले गेले. त्यांपैकी छावण्यांत व वाटेत ४,००० मेले असा अंदाज आहे. रॉसची पत्नी वाटेतच वारली. चेरोकी पाळक जेसी बुशीहेड एका टोळीचा पुढारी होता. बोर्डाचे मिशनरी डॅनिएल बट्रिक हेही लोकांबरोबर चालत गेले. १८३९ च्या जूनमध्ये, नव्या देशात पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत, भूमी विकल्याच्या अपराधासाठी बूडिनॉटचा त्याच्याच लोकांपैकी काहींनी वध केला.

दोघांपैकी खरे कोणाचे? लोक मातीहून थोर आहेत, ते दुसरीकडे नेले तरी लोकच राहतात, हे बूडिनॉटचे बोलणे पुढच्या काळाने पुष्कळ अंशी खरे करून दाखविले. नव्या भूमीत पार्क हिल येथे वुस्टरांचा छापखाना पुन्हा चालू झाला, टॅलेक्वा ही राजधानी वसली, पंचायत, शाळा व मंडळ्या उभ्या राहिल्या. तरी आमच्या मते न्यायाची बाजू रॉसची होती. एखादी गोष्ट खरी असली म्हणजे ती दुसऱ्याच्या वतीने ठरविण्याचा अधिकार आपणांस मिळतो असे नाही. आपल्या लोकांसाठी वाटेल ते सोसण्यास बूडिनॉट तयार होता. त्यांस विचारण्यास मात्र तयार नव्हता.

येथे शास्त्रातील दोन गोष्टी आठवतात. अहाब राजाने नाबोथास त्याच्या मळ्याच्या बदली चांगला मळा अथवा रोख दाम देऊ केले होते. सौदा दिसण्यात वाजवी होता, पण नाबोथाने किमतीचा विचारच केला नाही. वडिलांचे वतन विकण्याजोगे आहे हेच त्यास मान्य नव्हते. आणि यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांस पत्र लिहिले की, तेथे घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा व त्या नगराचे हित पाहा. पुष्कळ उपदेशक यिर्मयाच्या पत्रावर बोलतात आणि नाबोथाचा मळा विसरतात. ते पत्र नबुखद्नेस्सराने लिहिले नव्हते, हेही ते विसरतात. ते लिहिणारा त्याच लोकांपैकी, त्याच जळालेल्या नगरात रडलेला मनुष्य होता, म्हणून त्याचे सांत्वन हे सांत्वन झाले. तेच शब्द हाकलून देणाऱ्याच्या तोंडी असते तर ती थट्टा झाली असती. धरणाच्या पाण्याखाली ज्याचे गाव गेले त्यास, स्वतः कोरड्या घरात बसून, "आपले गाव स्वर्गात आहे" असे सांगणाऱ्याने हा भेद ओळखावा. आधी त्याच्याबरोबर बट्रिकांसारखे थोडे चालावे, मग बोलावे.

परंतु जो स्वतः हाकलला गेला त्याच्या हातूनही दुसरा हाकलला जाऊ शकतो, आणि चेरोकी लोकांच्या इतिहासात हे आम्हांस सर्वांहून अधिक टोचते. त्यांच्यातील सधन कुटुंबांपाशी काळे गुलाम होते. ते गुलामही त्याच वाटेने पश्चिमेस गेले. त्यांनीही त्याच थंडीत मुले पुरली. १८६६ च्या तहाने त्या मुक्त झालेल्या लोकांस चेरोकी नागरिकांचे सर्व हक्क मिळाले. नंतर सरकारी कारकुनांनी नोंदवह्या केल्या, तेव्हा रक्ताच्या चेरोकींची यादी निराळी व मुक्तांची निराळी झाली. आणि त्या यादीचा आधार घेऊन २००७ साली बहुमताने मुक्तांच्या वंशजांस बाहेर काढण्यात आले. २०१७ साली न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, आणि २०२१ साली चेरोकी राष्ट्राच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतून "रक्ताने" हे शब्द काढून टाकविले. ज्या जॉन रॉसने सर्वांच्या वतीने भूमीसाठी झगडा केला, त्याच्या रक्ताचा हिशेब रुपयात मांडला असता तर चेरोकी रक्त दोन आणेच भरले असते. त्याविषयी त्याच्या लोकांनी तक्रार केली नाही. ३८ वर्षे, मरेपर्यंत, तोच त्यांचा मुख्य होता.

आम्ही हे वाचून चेरोकी लोकांस नावे ठेवावी काय? आमच्या मंडळ्यांत सोयरीक जमविताना बाप्तिस्म्याचा दाखला पाहतात, आणि मग हळूच विचारतात, "पण मूळचे कोण?" आमच्या वडिलांस गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या नातवंडांनी प्रभूच्या मेजाशी नवीन वेस घालावी, हे कोणत्या शास्त्रात बसते ते आम्हांस कळत नाही. मूळ विचारणे ह्यात पाप नाही. दार उघडण्यासाठी विचारले की लावण्यासाठी, हे विचारणाऱ्यास पुरते ठाऊक असते.

चेरोकी राष्ट्राच्या नागरिकांपैकी निम्म्याहून अधिक आज त्यांच्या भूभागाबाहेर राहतात. पहिल्या वनवासावर हा दुसरा. १९५० नंतर सरकारने मूळ रहिवाशांस शहरांकडे धाडण्याची योजना काढली, आणि तीत १९५६ साली विल्मा मॅनकिलर ही लहान मुलगी आईबापांबरोबर ओक्लाहोमा सोडून सॅन फ्रान्सिस्कोस गेली. त्या अफाट शहरात निरनिराळ्या जमातींच्या लोकांनी एकत्र जमण्यासाठी एक घर चालविले होते, तेथे ती आपलेपणा शिकली. १९७७ साली ती परत आली. बेल नावाच्या खेड्यात चेरोकी बोलणारी गरीब कुटुंबे राहत. कित्येक घरांत नळ नव्हते. मॅनकिलरबाईंनी त्यांस धर्मादाय देऊ केला नाही. सामान सरकारी मदतीने मिळवून खोदकाम गावकऱ्यांनीच करावे असे ठरले, आणि प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा उचलून १६ मैलांची जलवाहिनी टाकली. ह्या रीतीस चेरोकी भाषेत गडूगी म्हणतात; आमच्याकडील सावड अथवा इर्जिक ती हीच. १९८५ साली त्या बाई चेरोकी राष्ट्राच्या मुख्य झाल्या, त्या पदावरील पहिली स्त्री. खोदकामास येणाऱ्या कुटुंबास तेथे कोणी रक्ताची यादी विचारली नव्हती. कुदळ आहे की नाही, एवढेच विचारले असेल.