यंत्राचा जीर्णोद्धार

आपल्या परंपरेत जीर्णोद्धार हा शब्द देवळे, घाट आणि बारवा यांच्यापुरताच राखून ठेवलेला आहे. नवे देऊळ बांधण्यापेक्षा पडलेल्याचा उद्धार करणे अधिक पुण्याचे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अहिल्याबाई होळकरांचे नाव काशीपासून सोमनाथापर्यंत आजही आदराने घेतले जाते ते त्यांनी राज्य वाढविले म्हणून नव्हे. पडलेले पुन्हा उभे केले म्हणून. परंतु हाच शब्द लोखंडाच्या यंत्राला लावला, तर आपण किंचित हसतो. यंत्र झिजले की टाकावे आणि नवे घ्यावे, असा आजचा व्यवहार आहे. तो सर्वस्वी बरोबर आहे काय, आणि झिजलेले यंत्र पुन्हा घडविणारा मनुष्य नेमके कशाचे रक्षण करीत असतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सिहोरा हे जबलपूरच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर, कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तहसिलीचे गाव. जबलपूर हे तोफगाड्यांच्या कारखान्याचे शहर. तो कारखाना १९०४ पासूनचा. १९६९ मध्ये तेथे लष्करी वाहनांचा कारखानाही उभा राहिला आणि ‘शक्तिमान’ मालमोटारी तेथे तयार होऊ लागल्या. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या लेथवर हात बसलेले असतात, त्याच्या आसपासच्या गावांतही लोखंडाची एक समज झिरपत जाते. अशा मुलखात एखाद्या घराच्या पडवीत साठ वर्षांपूर्वीची बुलेट खोललेली दिसावी, जुन्या वर्तमानपत्रावर तिचे भाग क्रमाने मांडलेले असावेत, यात नवल नाही.

ही बुलेट स्वतःच आपल्या प्रश्नाचे एक उदाहरण आहे. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्डची ही गाडी. १९५० नंतरच्या दशकात आपल्या लष्कराने ती पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रासच्या कंपनीशी भागीदारी होऊन तिरुवोत्तियूर येथे ती जोडली जाऊ लागली. पुढे तिचे सुटे भागही तेथेच घडू लागले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील मूळ कंपनीचे उत्पादन बंद पडले. मद्रासचे मात्र चालू राहिले. मूळ देह गेला आणि नाव, आराखडा व कारागिरी दुसऱ्या भूमीत जगली. तेव्हा खरी बुलेट कोणती, हा प्रश्न निव्वळ शाब्दिक नाही.

प्रथम झीज म्हणजे काय ते पाहू. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. सिलिंडर बिडाचा असतो आणि दट्ट्या त्यात हजारो वेळा वरखाली होतो. पण झीज सर्वत्र सारखी होत नाही. जेथे स्फोटाचा दाब सर्वांत अधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ, तेथे म्हणजे वरच्या भागात ती अधिक होते; आणि दट्ट्या ज्या बाजूंना रेटला जातो त्या बाजूंना अधिक होते. परिणामी मूळचा गोल सिलिंडर वर रुंद आणि किंचित लंबगोल होतो. डोळ्यांना हे दिसत नाही. मापकाने पाच-सहा ठिकाणी मोजल्यावरच ते कळते.

यावरचा उपाय विचार करण्याजोगा आहे. सिलिंडर भरून काढता येत नाही. तो आणखी कोरावा लागतो. साधारणतः वीस हजारांश इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर व्यास वाढवून त्याला पुन्हा गोल करतात आणि त्या मापाचा मोठा दट्ट्या बसवितात. हे आणखी एक-दोन वेळाच करता येते. पुढे भिंत पातळ होते आणि आत नवी नळी ठोकावी लागते. म्हणजे येथे दुरुस्ती ही भर नसून वजाबाकी आहे. प्रत्येक उद्धार यंत्राच्या शिल्लक आयुष्यातून थोडे खर्च करतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यावर पहिले नैतिक बंधन हे, की आवश्यक तेवढेच कोरावे. मोजण्यापूर्वी मत बनवू नये, आणि हात शिवशिवतात म्हणून धातू काढू नये.

आता तत्त्वाचा प्रश्न. दट्ट्या नवा, रिंगा नव्या, झडपा नव्या, क्रँकवरचा बुश नवा. मग गाडी जुनी कशी? ‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे काय, आस, चाके, जू, यांपैकी कोणता भाग रथ? एकही नाही, आणि यांवेगळाही रथ नाही. ‘रथ’ हे या जुळणीला दिलेले एक व्यवहारातील नाव होय. नैयायिकांचा पक्ष याच्या उलट. अवयवी हा अवयवांहून निराळा पदार्थ आहे, असे ते मानतात. पण त्यामुळेच एखादा अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असेही त्यांना मानावे लागते. ग्रीकांपैकी प्लुटार्काने थिसियसच्या नौकेची कथा सांगितली. अथेन्सच्या लोकांनी कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, आणि नौका तीच की दुसरी यावर तत्त्वज्ञांत वाद माजला. पुढे सतराव्या शतकात हॉब्जने त्यात नवी अडचण घातली: काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांची दुसरी नौका बांधली तर?

हा वाद आज आपल्या कायद्यातही शिरला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी विंटेज नोंदणीची सोय झाली. अट अशी, की वाहन मूळ रूपात जतन केलेले असावे आणि त्याची मोठी उलथापालथ झालेली नसावी. अशा वाहनाला नित्याच्या वाहतुकीसाठी रस्त्यावर आणण्यास मनाई आहे. अट रास्त आहे. पण एक कोडे ती सोडवीत नाही. पन्नास वर्षे चाललेल्या गाडीचे इंजिन एकदाही उघडले नसेल, तर ती बहुधा चाललीच नसावी. न वापरता टिकविलेली वस्तू आणि वापरून, दुरुस्त करून टिकविलेली वस्तू, यांत अधिक मूळची कोणती?

माझे उत्तर इंजिनाच्या घडणीतूनच निघते. त्यातील कोणताही भाग एकटा काम करीत नाही. तळाच्या पेटीचे दोन अर्ध जोडीने कोरलेले असतात; एकाचा जोडीदार दुसऱ्या गाडीतून आणून भागत नाही. झडप तिच्या बैठकीवर लेप लावून घासावी लागते, आणि ती त्याच बैठकीची होते. नवी रिंग सिलिंडरच्या भिंतीशी घासून स्वतः झिजते, तेव्हा कोठे दाब धरू लागते. यंत्राची ओळख धातूत नाही, केवळ नावातही नाही. ती भागांनी एकमेकांशी साधलेल्या जुळणीत आहे. जुन्या भागांमध्ये येऊन जो नवा भाग या जुळणीत सामावतो, तो त्या यंत्राचा होतो. सगळेच भाग एकदम बदलले, तर सामावून घेणारेच कोणी उरत नाही. तेथे मात्र जुने यंत्र संपले असे प्रामाणिकपणे म्हणावे. हॉब्जच्या अडचणीचेही उत्तर यातच आहे. काढून टाकलेल्या झिजक्या भागांची जुळणी तुटलेली असते. त्यांचा ढीग रचता येतो, त्यांचे इंजिन होत नाही.

यावरून दुरुस्तीतील नीतीही कळते. इंजिनाच्या आतले काम झाकण लागले की कोणास दिसत नाही. घट्ट तेल घालून झिजलेल्या बुशाचा आवाज चार दिवस दाबता येतो. वरून रंग आणि चकाकी देऊन गाडी विकता येते. हा मोह उघड आहे. दुसरा मोह सूक्ष्म आहे: नवे चकाकते म्हणून धड असलेला जुना भागही काढून टाकणे. पहिल्यात यंत्राला त्याचे देणे नाकारले जाते, दुसऱ्यात त्याचे जे आहे तेच हिरावले जाते. घरी काम करणाऱ्याला आणखी एक विवेक लागतो, तो आपल्या मर्यादेचा. खोलणे, धुणे, मोजणे, झडपा घासणे, पुन्हा जुळविणे हे पडवीत होते. सिलिंडर कोरणे होत नाही. तो जबलपूरच्या जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावा, आणि दट्ट्या आधी हाती घेऊन त्याच्या मापाने कोरून घ्यावा.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. जुने इंजिन अधिक धूर सोडते. आपल्या छंदाची किंमत दुसऱ्यांच्या फुप्फुसांनी का द्यावी? आक्षेप खरा आहे. उद्धाराचे पुण्य इतरांवर भार टाकून मिळत नाही. म्हणूनच नित्याच्या वापरावरचे बंधन मला जाचक वाटत नाही. मोह वस्तूला आपल्या सोयीसाठी धरून ठेवतो. कृतज्ञता तिला तिच्या योग्य जागी ठेवते. ज्या यंत्राने कोणाला दोन पिढ्या कचेरीत, बाजारात, दवाखान्यात पोहोचविले, त्याला वर्षातून काही दिवस निर्दोष चालण्याइतके जपणे एवढेच त्या ऋणाचे माप.

बदलीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सिहोऱ्याचा कारभार नागपुराहून चालत असे, आणि त्या काळी इकडे आलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी येथेच मूळ धरले. त्यांच्या मराठीत हिंदीचे शब्द आले, स्वयंपाकात येथले पदार्थ आले, सुना-जावई येथले आले. ती कुटुंबे मराठी उरली काय, असे विचारणारे आपणही कधीकधी भाग मोजण्याची चूक करतो. जुळणी टिकली असेल आणि नवे तिच्यात सामावले असेल, तर ओळखही टिकली. कचेरीचेही असेच असते. माणसे दर तीन वर्षांनी बदलतात. सचोटीची रीत हातोहात सोपविली गेली, तरच कचेरी तीच राहते, नाहीतर केवळ पाटी तीच राहते.

नव्याने जुळविलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर सावकाश चालवावे लागते. घाई केली तर दट्ट्या तापून अडकतो आणि केलेले सारे काम वाया जाते. नव्याला जुन्याशी आणि जुन्याला नव्याशी जुळवून घेण्यास हा अवधी लागतो. तो देण्याची तयारी असेल, त्यानेच उद्धाराचे काम हाती घ्यावे.