स्मरणाचे अंतर

कृष्णवर्णीयांच्या इतिहासाशी मराठी विचाराचे नाते जुने आहे. १८७३ साली फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेतली. मात्र हा इतिहास मालवणच्या महाविद्यालयात साजरा करायचा, तर समोरच्या सिंधुदुर्गाला टाळता येत नाही. १६६४ साली या किल्ल्याची पायाभरणी झाली, ती परकीय आरमारांबरोबरच जंजिऱ्याच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दीला शह देण्यासाठी. येथील स्मृतीत तो केवळ शत्रू आहे. दूरच्या पीडिताशी सहवेदना सोपी असते. त्याच्याशी लढाई झालेली नसते. सिद्दीच्या सत्तेचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु आफ्रिकेतून गुलाम म्हणून या भूमीवर आणलेल्यांना विसरून केलेला गौरव नैतिक ठरत नाही, केवळ सोयीचा ठरतो.