अश्वशक्ती, टॉर्क आणि सामर्थ्याचे स्वरूप

सामर्थ्य हे वस्तूत वसणारे स्वतंत्र तत्त्व आहे, की कारणसामग्री जुळून आल्यावर घडणाऱ्या कार्याचाच तो एक निर्देश आहे, हा भारतीय दर्शनांतील जुना वाद अवजड ट्रकचे इंजिन निवडतानाही वेगळ्या रूपात उभा राहतो. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला फिरवणारा जोर, तर अश्वशक्ती म्हणजे काम होण्याचा दर. हा दर टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून मिळत असल्याने या राशी परस्परांच्या प्रतिस्पर्धी नाहीत. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर २,५०० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे इंजिन त्या वेळी सुमारे ३५० अश्वशक्ती देते, आणि १,६०० फेऱ्यांवर टॉर्क २,००० पर्यंत उतरला तरी अश्वशक्ती ४५० च्या आसपास पोहोचते. गिअर चाकापाशी टॉर्क वाढवतो, पण वेग घटवून. अश्वशक्ती तो वाढवू शकत नाही. म्हणून भरलेला ट्रक चढावर किती वेग राखेल हे मुख्यतः अश्वशक्ती ठरवते, तर कमी फेऱ्यांवरचा भरपूर टॉर्क वारंवार गिअर न बदलता ओढण्याची सोय देतो.

सामर्थ्याच्या त्या जुन्या वादात प्राभाकर मीमांसक शक्तीला, म्हणजे सामर्थ्याला, स्वतंत्र पदार्थ मानतात, कारण अग्नी तोच असूनही दाह रोखणारा प्रतिबंधक मणी जवळ असता तो जाळत नाही. नैयायिक मात्र प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणसामग्रीचाच भाग ठरवून वेगळी शक्ती नाकारतात. केवळ कमाल आकड्यांवर विसंबणारा खरेदीदार नकळत पहिल्या पक्षाकडे झुकतो. भार, चढ, गिअर आणि फेऱ्या यांचा एकत्र विचार करणारा दुसऱ्या पक्षाजवळ जातो, आणि निवडीपुरते तरी हेच मत अधिक सयुक्तिक ठरते.